मार्थाबाईचं झाकणभर पाणी

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या चर्च कमिटीचा सेक्रेटरी माईकसमोर उभा राहिला. खिशातून चिठ्ठी काढून वाचायला लागला, "आपल्या लाडक्या मार्था मावशी गावाकडे देवाघरी गेल्या. आयुष्यभर सत्याने चालणारी बाई होती. आपण सर्वांनी त्यांचा आदर्श घ्यावा."

मला बाकावर बसवेना. उठून बाहेर आलो, नळावर तोंड धुतलं. सून मागोमाग आली. "पप्पा, बीपी वाढलं का?"

म्हटलं, "बीपी नाही. किळस आली."

तिला कळलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सगळी नोकरी बॉयलरवर गेली, लिहायचा संबंध हजेरीपुरता. पण माईकवरून त्यानं जी मार्थाबाई सांगितली ती तशीच लोकांच्या डोक्यात राहिली तर मला झोप लागायची नाही. ती कुणाची लाडकी नव्हती. माझी तर मुळीच नव्हती.

आम्ही दोघं नगरकडचे. मी कंपनीसाठी अंबरनाथला आलो, ती नवरा गेल्यावर बहिणीच्या आधाराने आली. पूर्वेला एकाच चाळीत, मध्ये दोन खोल्या सोडून राहायचो. ती उल्हासनगरला एका खाजगी प्रसूतिगृहात आया होती. दात मिश्रीने काळे, अंगाने काटकुळी, आणि पदराला जो वास यायचा तो मी आजही विसरलो नाही. फिनेल, दूध, रक्त, आणि त्यावर मिश्रीचा तिखट भपकारा. ती दारात आली की माझी बायको हळूच खिडकी उघडायची.

सगळ्यात घाण सवय म्हणजे लंगोट हुंगायची. चाळीत कुणाचं लेकरू रडत असलं की ही जाणार, लंगोट सोडून सरळ नाकाशी धरणार आणि निकाल देणार. "आंबट येतंय. काल आईनं काय खाल्लं?" एकदा आमच्या उंबऱ्यावर बसून शेजारच्या पोराची लंगोट हुंगत होती. मी ताटावर बसलेलो.

म्हटलं, "मार्थाबाई, माणसं जेवतायत इथं."

"मग जेवा की, भाऊ. म्या कुठं तुमचं ताट हुंगलं?"

मी ताट सरकवून उठलो. सगळी चाळ हसली. त्यानंतर ड्युटीची लुगडी सामाईक नळावर धुते म्हणून मी तिच्याशी भांडलो, सहीचा कागद फिरवला. तिनं लुगडी धुणं सोडलं नाही. मी बोलणं सोडलं. एक वर्ष आम्ही समोरासमोर आलो तरी मान फिरवून जायचो.

ते माझी बायको गेली तेव्हा मोडलं. बायको पाच महिने अंथरुणावर होती, पाठीला जखमा झालेल्या. तिच्या सख्ख्या बहिणी, भावजया आल्या आणि नाकाला रुमाल लावून भिंतीशी उभ्या राहिल्या. शेवटची अंघोळ घालायला एक पुढे होईना. मार्थाबाई ड्युटीवरून आली, पदर खोचला, म्हणाली, "पाणी तापवा, आन ज्यांना वास येतोय त्यांनी बाहेर बसा." एकटीनं सगळं केलं. जखमांवर कापूस ठेवून पट्टी बांधली, जशी काही उद्या बदलायचीय. मी आभार मानायला गेलो तर म्हणाली, "भाऊ, तेवढं नळाचं सोडून द्या आता."

तिच्या बोलण्यात एक गोष्ट होती, जिचा लोकांना फार राग यायचा. ती होतं तेच सांगायची. उल्हासनगरचे शेटलोक म्हणा की अंबरनाथचे ऑफिसवाले, पत्रिकेसाठी जन्मवेळ आयालाच विचारतात. कारण डॉक्टर त्या वेळी घड्याळाकडे बघत नसतात, आया बघते. एकदा एका घरच्या आजीबाईंनी पंचांगवाल्याला फोन लावला आणि त्यांचं तोंड उतरलं. पोरगं मूळ नक्षत्रात पडत होतं. मार्थाबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, अकरा बेचाळीस कशाला? साडेअकराच्या आधी होतं म्हणा ना. वहीत लिहायला तुम्हीच सांगणार."

"आजीबाई, साडेअकराला त्याचं डोकं बी आलं नव्हतं."

"अहो, बारा मिनिटांनी कुणाचं काय जातंय?"

"तुमचं जात असंल म्हणून तर मागताय."

अकरा बेचाळीसच लिहिलं गेलं. आजीबाईंनी डॉक्टरीणबाईकडे तक्रार केली. हे मला तिनं सांगितलं नाही, तिकडच्या वॉचमननं सांगितलं, तोही वैतागून. "भाऊ, बाई सीधी बात करेगी तो बक्षीस कौन देगा?"

आणखी एक सांगतो, कारण पुढचं कळायला ते लागेल. आमच्यात लेकरू मरणाच्या दारात असलं आणि फादर जवळ नसले, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं, नाव घ्यायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणायचं. तो बाप्तिस्मा पक्का. लेकरू जगलं तर दुसऱ्यांदा द्यायचा नाही, देताच येत नाही. मार्थाबाईला गावच्या मिशनमधल्या सिस्टरनी हे शिकवलं होतं. आमच्या लोकांची पोरं अशी अडली तर ती आईला विचारून पाणी लावायची. पोरगा असला तर योसेफ, पोरगी असली तर मारिया. दुसरं नाव तिला सुचतच नव्हतं. दुसऱ्या धर्माच्या लेकराला तिनं कधी हात लावला नाही. एकदा एका हिंदू बाईचं बाळ असंच चाललेलं. ती बाई नुसती आढ्याकडे बघत पडलेली. मार्थाबाई खाली गेली, समोरच्या दुकानाबाहेरच्या कुंडीतलं तुळशीचं पान तोडून आणलं आणि त्या बाईच्या हातात दिलं. म्हणाली, "तू ठेव. म्या ठेवायचं न्हाई."

आता माझ्या नातवाचं.

माझा मुलगा विल्सन एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात मॅनेजर आहे. पालेगावला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय, नवव्या मजल्यावर. सून रीना सातव्या महिन्यात अडली. मार्थाबाईच्या ओळखीने त्याच प्रसूतिगृहात जागा मिळाली. भर दुपारी पोरगं झालं, मुठीएवढं. तिथं काचेची पेटी नव्हती, कल्याणला हलवायचं ठरलं आणि अॅम्ब्युलन्स वाटेत अडकली. विल्सन खाली रस्त्यावर फोनाफोनी करत होता, मला कपडे आणायला पिटाळलेलं. रीना आणि मार्थाबाई दोघीच वर, आणि पोरगं निळं पडायला लागलं.

संध्याकाळी मार्थाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. मिश्रीची डबी हातात, पण उघडली नव्हती.

"भाऊ, पोराला पाणी लावलंय. रीनाला विचारलं, ती म्हणली लावा मावशी, लवकर लावा. औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं, उकळून गार केलेलं पाणी. तीन डाव. योसेफ म्हणलं."

"बरं केलंत."

"फादरला जाऊन सांगा. त्यांच्या वहीत चढाया पाहिजे. तुम्ही आजा हाय, तुमचं काम हाय."

हो म्हटलं. गेलो नाही.

आधी पोरगं पेटीत होतं, त्याची धास्ती. मग ते जगलं, घरी आलं, बाळसं धरलं, आणि मला जावंसं वाटेना. खरं सांगायचं तर लाज वाटली. माझ्या पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा एका आयानं, मिश्रीच्या तोंडानं, बाटलीच्या झाकणातनं केला, हे फादरच्या टेबलासमोर उभं राहून सांगायचं माझ्या जिवावर आलं. बायकोला जिनं अंघोळ घातली तिच्याबद्दल मी असं मनात आणलं. असो, तेही लिहायलाच पाहिजे.

आठ महिन्यांनी विल्सननं बाप्तिस्मा काढला. पोराचं नाव एडन. खरवईच्या बाजूला हॉल, स्टेजवर थर्माकोलचे पांढरे पंख, तीनशे माणसांचं जेवण. उल्हासनगरच्या सिंधी दुकानातून झगा आणला, इतका लांब की त्यात तीन पोरं मावली असती. धर्मपिता कोण, तर कमिटीचा हाच सेक्रेटरी, कारण त्याची वरपर्यंत ओळख. मला ते पंख बघूनच शिसारी आली होती, पण आपल्याला विचारतो कोण.

फॉर्म विल्सननं माझ्यासमोर भरला. त्यात एक ओळ होती, बाळाला आधी संकटात बाप्तिस्मा दिला आहे काय. त्यानं "नाही" लिहिलं.

म्हटलं, "अरे, मार्थाबाईनं..."

"पप्पा, प्लीज हां. ते धरत नाहीत. ती काय फादर आहे?"

"धरतात रे. म्हणून तर विचारलंय."

"मग तीनशे लोकांना बोलावून दाखवू काय? नुसतं तेल लावून घरी पाठवू?"

रीना पोराला भरवत होती. चमचा हातात थांबला, एवढंच.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या मुलांची नावं वाचली. मार्थाबाई मागच्या बाकावर होती. मिस्सा संपल्याबरोबर ती ऑफिसात पोचली, चपला दाराबाहेर काढून. नाव आधीच कळवलेलं, आम्ही फॉर्म द्यायला आत होतोच. फादर तरुण, नवे आलेले, आवाज चढवणं त्यांना जमत नाही.

ती म्हणाली, "फादर, ह्या लेकराचा बाप्तिस्मा झालाय. म्या केलाय. दुसऱ्यांदा करू नका, पाप लागंल."

फादरनी फॉर्म बघितला, विल्सनकडे बघितलं. तिला खुर्ची दिली, सगळं विचारून घेतलं. पाणी कसलं, किती वेळा, शब्द काय. तिनं धडाधड सांगितलं. मग फादर म्हणाले, "असं असेल तर मला पाणी घालता येणार नाही. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती, एवढं करू. तेही सुंदर होतं."

विल्सनचं तोंड लाल. सेक्रेटरी मध्ये पडला. गोड आवाज. "फादर, एक मिनिट. मावशी वयस्कर आहेत. धावपळीत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. शंका असली तर शर्त घालून पुन्हा देता येतो ना? झाला नसेल तर देतो, असं म्हणून?"

"शंका खरी असेल तर देता येतो," फादर म्हणाले.

"मग झालं तर. मावशी, नक्की आठवतं का? शंभर टक्के?"

"साहेब, तुमची धाकटी बी माझ्याच हातावर झाली. पायाळू. डावा पाय आधी. सांगू का अजून?"

सेक्रेटरीनं रुमाल काढून कपाळ पुसलं. फादर म्हणाले, रीनाशी बोलून ठरवू.

दोन दिवसांनी विल्सन आणि सेक्रेटरी तिच्या खोलीवर आले. मला मुद्दाम सोबत घेतलं, चाळीतला माणूस म्हणून. विल्सननं साडीचा बॉक्स पुढे केला. तिनं हात लावला नाही. चहा ठेवला. सेक्रेटरीनं कपाला तोंड लावलं नाही, बोटांनी धरून नुसता फिरवत बसला. तिच्या कपाची त्याला घाण वाटत होती, आणि त्याच कपासमोर तो तिच्याकडे खोटं मागत होता. अशी माणसं मी कंपनीत पाहिली होती. चर्चमध्ये पाहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"मावशी," विल्सन म्हणाला, "फक्त एवढंच म्हणा, नीट आठवत नाही. खोटं पण नाही ना ते? एवढी वर्षं, एवढी पोरं."

"आठवतंय मला."

"अहो, माझ्या पोराचा दिवस आहे!"

"त्याचा दिवस झालाय. तू खाली फोनवर होतास."

मग माझा मुलगा धमकीवर आला. तो म्हणाला, "बघा मावशी, तुम्ही दवाखान्यात पोरांना पाणी लावता, हे बाहेर कळलं तर? हल्ली दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. नोकरी राहील का तुमची?"

सेक्रेटरीनं मान खाली घातली. लाजेनं नव्हे. बोललं गेलं, आपल्याला बोलावं लागलं नाही, म्हणून.

मार्थाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी विल्सनचा बाप. एक कानाखाली मारायची होती, किमान उठून उभं राहायचं होतं. मी माझा चहा पीत राहिलो. कप रिकामा झाल्यावरही तोंडाला लावून धरला.

ती म्हणाली, "तू कशाला तरास घेतोस? म्याच सांगते."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खरंच डॉक्टरीणबाईला जाऊन सगळं सांगितलं. सिंधी बाई, म्हातारी, चाळीस वर्षं प्रॅक्टिस. तिनं विचारलं, "मार्था, माँ से पूछा था?" ही म्हणाली, "हां बाई, हर बार." डॉक्टरीण म्हणाली, मग माझी काही तक्रार नाही. पण दवाखाना आता डॉक्टरीणबाईच्या मुलाच्या हातात. त्यानं कटकट नको म्हणून मार्थाबाईला प्रसूतीच्या खोलीतून काढलं आणि मागच्या बाजूला रक्ताच्या चादरी धुवायला घातलं. ज्या हातांवर अर्धं उल्हासनगर जन्माला आलं ते हात चादरी धुवायला. तिनं कुणाला दोष दिला नाही. नुसतं म्हणाली, "तिथं घड्याळ न्हाई हो भाऊ. वेळ कळत न्हाई."

फादर रीनाला भेटायला घरी आले. आम्ही सगळे बसलेलो. त्यांनी सरळ विचारलं, "रीना, मावशींनी पाणी घातलं तेव्हा तू जागी होतीस? शब्द ऐकलेस?"

रीनानं विल्सनकडे बघितलं. मग पोराच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मला शुद्ध नव्हती, फादर."

फादर माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्हाला काही माहीत आहे?"

पोरगं झालं त्याच संध्याकाळी मार्थाबाईनं मला जसंच्या तसं सांगितलं होतं. झाकण, गार पाणी, तीन वेळा, योसेफ. आठ महिन्यांनी रचलेली गोष्ट ती नव्हती. तेवढं मी सांगितलं असतं तर फादरना शंका उरली नसती. आणि मी चर्चचे कायदे जाणतो म्हणून चाळीत मिरवणारा माणूस.

मी म्हणालो, "मी तिथं नव्हतो."

शब्द खरे होते. एवढं घाण खरं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. फादर म्हणाले, "ठीक आहे. शर्त घालून देऊ."

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्च भरलं होतं. मार्थाबाईला आमंत्रण नव्हतं, पण चर्चला आमंत्रण लागत नाही. धुतलेली पांढरी साडी नेसून ती बाजूच्या दाराशी उभी राहिली. हात चादरीच्या सोड्यानं फाटलेले, ते पदराखाली. सेक्रेटरीनं पोराला हातावर आडवं धरलं. फादरनी शिंपल्यात पाणी घेतलं आणि म्हणाले, "एडन, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पोरगं किंचाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात कधी टाळ्या वाजवत नव्हते.

मी दाराकडे बघितलं. ती चपला पायात सरकवत होती. मी बाहेर गेलो. ती फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होती, ड्युटीला निघालेली.

"मार्थाबाई," मी म्हणालो.

"फादरनी 'झाला नसेल तर' म्हणलं," ती म्हणाली. "ऐकलं म्या. आन झाला होता. मंजी आज काहीच झालं न्हाई. नुसतं डोकं भिजलं पोराचं. पुसा नीट, सर्दी होईल."

"मी बोलायला पाहिजे होतं."

"हां. पाहिजे होतं."

एवढंच. ना रडली, ना शिवी दिली. शिवी दिली असती तर मी ती घेऊन मोकळा झालो असतो. शेअर रिक्षा आली, पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसली. पुढच्या आठवड्यात खोली रिकामी करून पुतणीकडे गावाला गेली ती परत आलीच नाही. त्याआधी मी ड्युटी सुटायची वेळ बघून एकदोनदा दवाखान्यापर्यंत गेलो होतो. वॉचमन म्हणाला, "गयी वो."

पण त्या दिवशी फाटकातून तिची रिक्षा वळत होती तेव्हा आतून विल्सनची हाक आली, "पप्पा! फॅमिली फोटो! सगळे थांबलेत तुमच्यासाठी!"

मी गेलो. वेदीच्या पायरीवर मधली खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती. मी बसलो, आणि पोराला माझ्या मांडीवर दिलं.